‘आमच्या गावात कॅन्सर वाढलाय का?’ या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून आशाताईंचा फोन आला. गाव तीन हजार वस्तीचं. “मॅडम, तीन वर्षांत नऊ जणांना कॅन्सर झालाय. लोक म्हणतात बोअरच्या पाण्यातच काहीतरी आहे. खरंच जास्त आहे का हो?” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या पेनाने लिहिलेली नऊ नावं, पुढे वय, त्यापुढे आजार: तोंडाचा, तोंडाचा, पिशवीचा, पिशवीचा, छातीचा, छातीचा, घशाचा, लिव्हरचा, रक्ताचा.

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं. कधी पत्रकार, कधी पंचायत समितीचे सदस्य, कधी सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं. प्रत्येक वेळी लक्षात येतं की एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. कुठल्या ठिकाणची माणसं मोजायची? कशाला कॅन्सर म्हणायचं आणि कोणता कॅन्सर? आणि ही माणसं समाजाच्या कुठल्या थरातली? ही तीन वर्गीकरणं नीट लागली की आकडा बोलायला लागतो, आणि चुकली की तोच आकडा गावभर भीती पसरवतो. खाली मी आशाताईंच्या वहीचं ते पान घेऊनच एकेक पायरी चढते आहे. तुमच्याकडे तालुक्याचा अहवाल असो की जिल्ह्याचा, पायऱ्या याच.

पायरी १ : आकडा कुठून आला ते बघा

दर म्हणजे अपूर्णांक. वर रुग्ण, खाली लोकसंख्या; वर अंश, खाली छेद. पुढची प्रत्येक पायरी एकाच नियमावर उभी आहे: अंशात ज्यांना मोजलं, ते छेदातलेच असले पाहिजेत.

कॅन्सरच्या नोंदवह्या, म्हणजे रजिस्ट्री, दोन जातीच्या असतात. हॉस्पिटलच्या रजिस्ट्रीत त्या हॉस्पिटलात आलेला प्रत्येक रुग्ण येतो, मग तो पाटण्याचा असो की परभणीचा. लोकसंख्येवर आधारलेल्या रजिस्ट्रीत ठरलेल्या हद्दीत राहणाऱ्या माणसांचे नवे रुग्ण येतात, उपचार कुठेही चालू असोत. पहिल्या प्रकाराला छेदच नसतो. टाटा मेमोरियलच्या ओपीडीत दर शंभरात तोंडाचे किती, हे सांगता येतं. पण त्यावरून मुंबईत तोंडाचा कॅन्सर किती, हे सांगता येत नाही. वर्तमानपत्रातली निम्मी गफलत इथेच होते.

आपल्याकडे लोकसंख्येवर आधारलेली पहिली रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री उभी राहिली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण तोवर ‘भारतातला कॅन्सर’ म्हणजे प्रत्यक्षात मोठ्या शहरांतला कॅन्सर होता. आज राष्ट्रीय अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, छत्रपती संभाजीनगर, बार्शी आणि धाराशिव-बीड अशा नोंदी दिसतात. तुमचा जिल्हा यात नसेल, तर तुमच्या जिल्ह्याचा म्हणून मिळणारा आकडा हा बहुधा शेजारच्या जिल्ह्यांवरून काढलेला अंदाज असतो. तो अंदाज म्हणूनच लिहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, फ्रान्समध्ये लियाँला असलेल्या कॅन्सर संशोधन संस्थेचे ‘ग्लोबोकॅन’ आकडेही असेच. २०२२ साली भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण, हा त्यांचा अंदाज आहे. आपल्या रजिस्ट्री कार्यक्रमाचा त्याच वर्षाचा अंदाज सुमारे १४.६ लाख. दोन्ही पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. एका वर्षाचा आकडा इथून आणि दुसऱ्या वर्षाचा तिथून घेऊन ‘वाढ’ काढू नका.

पायरी २ : माणूस कुठला, ते ठरवा

माझी आत्या भूम तालुक्यातली. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिला आम्ही पुण्यात आणलं. हॉस्पिटलच्या खिडकीवर पत्ता विचारला, तेव्हा माझ्या चुलतभावाने सरळ हडपसरच्या फ्लॅटचा पत्ता सांगितला. पत्रं तिथे यावीत, फोन तिथे यावा, इतकाच त्याचा हेतू. केसपेपरवर आत्या पुणेकर झाली. रजिस्ट्रीचा कार्यकर्ता तिच्या खाटेपाशी येऊन “आजी, इथे किती वर्षं राहता?” असं विचारेपर्यंत ती पुणेकरच राहिली असती.

हा प्रश्न म्हणजे रजिस्ट्रीचा कणा आहे. आपल्याकडचा नियम असा: निदानाआधी किमान एक वर्ष त्या हद्दीत राहिलेला माणूस तिथला रहिवासी. उपचारासाठी आलेला, नातेवाइकांकडे उतरलेला, धर्मशाळेत राहणारा मोजायचा नाही. तो त्याच्या मूळ गावच्या हिशोबात जातो, अर्थात त्या गावासाठी रजिस्ट्री असेल तर. म्हणून बार्शी किंवा बीडसारख्या रजिस्ट्रीच्या माणसांना स्वतःच्या हद्दीबाहेर, सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत जाऊन रेकॉर्ड रूममध्ये बसावं लागतं. केसपेपर चाळायचे, पॅथॉलॉजी लॅबच्या वह्या बघायच्या, मृत्यूचे दाखले ताडायचे. आपल्या गावचा माणूस परक्या शहराच्या गठ्ठ्यातून शोधून काढायचा. या कामाचं मोल मला फार वाटतं, कारण हे कुणाला दिसत नाही.

मग आशाताईंच्या यादीतला ‘रक्ताचा’ कुठला? विचारल्यावर कळलं, तो तरुण अकरा वर्षं पिंपरीत राहतो, रेशनकार्ड गावात आहे. गावाच्या दृष्टीने तो गावचाच पोरगा. हिशोबात तो पिंपरीचा. उरले आठ.

बीडमध्ये याच्याही पुढचा पेच आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या पट्ट्यात असतात. तिथे आजार निघाला तर रिपोर्ट तिथल्या लॅबमध्ये. हे कुटुंब परत येतं म्हणून ते बीडचंच. पण नोंद करणाऱ्याने ते विचारलं पाहिजे, नाहीतर बीडचा अंश गळतो आणि छेद मात्र पूर्ण राहतो.

ठिकाणाच्या बाबतीत तीन गोष्टी कागदावर लिहूनच पुढे जा.

हद्द कोणती आणि कोणत्या वर्षाची? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीचा ‘ठाणे’ आणि नंतरचा ‘ठाणे’ एकाच आलेखावर जोडले, तर मध्ये खोटी दरी दिसेल. मुंबई रजिस्ट्रीची ‘मुंबई’ म्हणजे बृहन्मुंबई, शहर आणि उपनगर दोन्ही. नवी मुंबई, ठाणे त्यात नाहीत. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या अहवालात जुनी नावं सापडतील. शक्यतो जनगणनेचा गाव-क्रमांक वापरा. एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यांतही निघतात.

छेद कुठला? आपली शेवटची जनगणना २०११ ची. तिच्यापासून पुढच्या प्रत्येक वर्षाची लोकसंख्या अंदाजाने वाढवलेली आहे. पुण्याभोवतीच्या झपाट्याने वाढलेल्या पट्ट्यात माणसं अंदाजापेक्षा जास्त असतील तर छेद कमी पडतो आणि कॅन्सरचा दर फुगतो. गाव रिकामं होत असेल तर उलट.

शहरी की ग्रामीण? हा शब्द आपण सहज वापरतो, पण जनगणनेची व्याख्या काटेकोर आहे. नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत असेल तर शहर. नसेल तर लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० असेल तरच ते ‘जनगणना शहर’. म्हणजे ग्रामपंचायत असलेलं गावही जनगणनेत शहर असू शकतं. आरोग्य खात्याच्या कागदावर ते ग्रामीणच राहतं. दोन तक्ते जोडताना ही विसंगती हमखास निघते.

पायरी ३ : आजाराचं नाव लोकांच्या तोंडून नाही, रिपोर्टवरून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आशाताईंच्या वहीतले शब्द आपल्या सगळ्यांच्या घरातले आहेत. ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, कधी बीजांडकोशाचासुद्धा. ‘घशाचा’ म्हणजे स्वरयंत्र, अन्ननलिका, टॉन्सिलची जागा, यांतलं काहीही. ‘पोटाचा’ म्हटलं तर जठर, आतडं, यकृत, पित्ताशय सगळंच पोटात. आणि ‘छातीचा’ हा शब्द तर दोन माणसांच्या बाबतीत दोन वेगळे अर्थ घेऊन बसतो. या प्रत्येकाचं कारण वेगळं, तपासणी वेगळी, जगण्याची शक्यता वेगळी.

म्हणून मी आशाताईंना म्हटलं, नावं झाका, पण प्रत्येकाच्या फाइलीतला बायॉप्सीचा कागद शोधा आणि त्याची शेवटची ओळ मला वाचून दाखवा. त्यांना चार दिवस लागले. आणि आठ ओळींनी चित्र पालटलं.

पहिल्या ‘तोंडाचा’वाल्या काकांचा रिपोर्ट होता: मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, लेफ्ट बक्कल म्युकोसा. म्हणजे चपट्या पेशींच्या थरातला कॅन्सर, डाव्या गालाच्या आतल्या बाजूला. रजिस्ट्रीत या एका ओळीचे दोन कोड होतात. ट्यूमर कुठे आहे त्याचा कोड सी ०६.०, म्हणजे गालाचं अस्तर. आणि ट्यूमर कसला आहे त्याचा कोड ८०७०/३. तिरक्या रेषेनंतरचा तो ३ फार महत्त्वाचा. ० म्हणजे निरुपद्रवी गाठ, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेली, अजून आत न शिरलेली. ३ म्हणजे आक्रमक आणि मूळ इथलीच. ६ म्हणजे दुसरीकडून पसरून आलेली. कॅन्सरच्या नव्या रुग्णांच्या आकडेवारीत साधारणपणे फक्त ३ मोजतात.

हे कोड आयसीडी-ओ या कॅन्सरसाठीच्या खास वर्गीकरणातले. त्याची पहिली आवृत्ती १९७६ ची, सध्या तिसरी चालते. मृत्यूचे दाखले आणि बहुतेक तक्ते मात्र आयसीडी-१० या सर्व आजारांच्या वर्गीकरणात असतात. त्यात सी ०० ते सी ९७ म्हणजे कॅन्सर. दोन्हीतले कोड बरेचसे सारखे दिसतात, म्हणून लोक त्यांची सरमिसळ करतात. रक्ताच्या कॅन्सरला आयसीडी-१० मध्ये सी ९१ ते सी ९५ असे कोड आहेत. आयसीडी-ओ मध्ये जागा म्हणून अस्थिमज्जेचा सी ४२.१ लागतो आणि प्रकार दुसऱ्या कोडमधून कळतो. एका फाइलीत एक पद्धत आणि दुसरीत दुसरी असेल तर रक्ताचे सगळे रुग्ण गायब झाल्यासारखे दिसतील.

आता बाकीचे. दुसरा ‘तोंडाचा’ जिभेचा निघाला, सी ०२. ‘घशाचा’ अन्ननलिकेचा, सी १५. ‘छातीचा’ म्हणून लिहिलेल्या ताईंचा स्तनाचा, सी ५०. त्याच शब्दाने लिहिलेल्या आजोबांचा फुप्फुसाचा, सी ३४. एका ‘पिशवीचा’चा रिपोर्ट गर्भाशयमुखाचा, सी ५३. दुसऱ्या बाईंच्या कागदावर ‘लियोमायोमा’ लिहिलेलं होतं. ती साधी फायब्रॉइडची गाठ, कॅन्सर नव्हेच. पिशवी काढल्यावर “आता कॅन्सरचा धोका टळला” असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि गावाने त्यांना कॅन्सर झाला असंच धरून चाललं होतं. दोन वर्षं. रिपोर्टचा अर्थ कळला तेव्हा त्या आशाताईंच्या घरी येऊन रडल्या.

‘लिव्हरचा’ रुग्ण हे उदाहरण तर प्रत्येक प्रशिक्षणात द्यावं असं आहे. यकृतात गाठी होत्या हे खरं, पण त्या मोठ्या आतड्यातून पसरलेल्या. मूळ जागा आतडं, म्हणून कोड सी १८. कॅन्सर मोजताना तो जिथे सुरू झाला तिथे मोजतात, जिथे पोहोचला तिथे नाही.

नऊचे झाले सात: गाल, जीभ, अन्ननलिका, फुप्फुस, स्तन, गर्भाशयमुख, आतडं. सात माणसं, सात वेगवेगळ्या जागा.

अहवाल वाचताना या पायरीवर आणखी काही सापळे आहेत. राष्ट्रीय अहवालात ‘तोंड’ म्हणजे सी ०३ ते सी ०६, आणि जीभ सी ०१-०२ वेगळी. ग्लोबोकॅनमध्ये ‘ओठ व मुखगुहा’ म्हणजे सी ०० ते सी ०६, जिभेसकट. आपल्याकडे जिभेचे रुग्ण थोडेथोडके नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कुणी ‘देशापेक्षा आमच्याकडे निम्मा’ असं लिहिलं, तर तो फरक निव्वळ यादीचा असतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. त्या बंदीचा परिणाम मोजायचा तर आधी कोडची यादी ठरवून सर्व वर्षांना तीच लावावी लागेल.

‘तंबाखूशी संबंधित कॅन्सर’ हाही असाच गट. राष्ट्रीय अहवालात त्यात ओठ, जीभ, तोंड, घशाचे भाग, अन्ननलिका, स्वरयंत्र, फुप्फुस आणि मूत्राशय येतात. २०२० च्या अंदाजात देशातल्या एकूण कॅन्सरपैकी २७.१ टक्के. याचा अर्थ यातला प्रत्येक रुग्ण तंबाखूमुळेच झाला असा नाही. हा जागांचा गट आहे, कारणांचा दाखला नाही.

गर्भाशयाच्या बाबतीत सी ५५ या कोडवर नजर ठेवा. ‘गर्भाशय, नेमका भाग अनिर्दिष्ट’ असा तो कोड. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ लिहिलं की तो इथे पडतो. यातल्या बऱ्याच बाया खरं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेलेल्या असतात. सी ५५ चा ढीग मोठा असेल, तर गर्भाशयमुखाचे मृत्यू कमी दिसतात. दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरने एक शब्द जास्त लिहिला असता तर ते टळलं असतं.

पायरी ४ : वय काढून टाका

कॅन्सर वयाबरोबर वाढतो. म्हणून म्हाताऱ्यांच्या गावाची तरुणांच्या गावाशी थेट तुलना होत नाही. यासाठी वयोप्रमाणित दर काढतात: प्रत्येक वयोगटाचा दर घ्यायचा आणि त्याला एका ठरावीक ‘जागतिक प्रमाण लोकसंख्ये’चं वजन द्यायचं. ती लोकसंख्या जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये मांडली, ब्रिटिश संशोधक डॉल यांनी १९६६ मध्ये तिच्यात थोडा बदल केला. तिचे तीन मोठे गट केले तर शंभरात ३५ वर्षांखालचे ६२, ३५ ते ६४ चे ३१ आणि ६५ च्या पुढचे ७.

हिशोबापुरते दोन काल्पनिक तालुके घेऊ. दोन्हीत वयोगटांचे दर अगदी सारखे: लाखामागे १०, १५० आणि ५००. पहिला तालुका एमआयडीसीचा, त्याच्या एक लाखात ६५ हजार तरुण, ३१ हजार मधले, ४ हजार वृद्ध. रुग्ण होतात ६.५ + ४६.५ + २० = ७३. दुसऱ्या तालुक्यातली पोरं शहरात गेलेली: ४५ हजार, ४० हजार, १५ हजार. रुग्ण ४.५ + ६० + ७५ = सुमारे १४०. ढोबळ दर, म्हणजे वय न बघता नुसते रुग्ण भागिले लोकसंख्या, दुपटीच्या घरात गेला. वयोप्रमाणित दर काढा: ६.२ + ४६.५ + ३५ = ८७.७, दोन्हीकडे तोच. कॅन्सर वाढला नव्हता; तरुण निघून गेले होते.

पण एक सांगते. तुलनेसाठी वयोप्रमाणित दर, आणि तालुक्याला किती खाटा, किती केमोची औषधं लागतील हे ठरवायला प्रत्यक्ष रुग्णसंख्या. दुसऱ्या तालुक्याला दुप्पट खाटा लागणारच आहेत.

पायरी ५ : गरिबी कशी मोजली ते विचारा

लॅन्सेट नियतकालिकात २०१२ साली भारतातल्या कॅन्सर मृत्यूंचा एक अभ्यास आला. देशभरात घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारून तो झाला होता. ३० ते ६९ या वयात पुरुषांचा कॅन्सर मृत्युदर खेड्यात लाखामागे सुमारे ९६, शहरात १०२. बायकांचा ९७ आणि ९१. म्हणजे जवळपास सारखा. पण तोच डेटा शिक्षणाप्रमाणे लावला, तर निरक्षर पुरुषांत १०७ आणि सर्वाधिक शिकलेल्यांत ४६. बायकांत १०७ आणि ४३. दुपटीहून जास्त. मृत्यू तेच, फक्त वर्गवारी बदलली. खेडं-शहर ही रेघ मारली असती तर हा अन्याय दिसलाच नसता.

म्हणून आर्थिक-सामाजिक वर्गवारी ही अहवालाच्या शेवटी जोडायची गोष्ट नाही. पण ती करणं आपल्याकडे अवघड आहे. ब्रिटनमध्ये रुग्णाच्या पोस्टकोडवरून त्याच्या वस्तीचा वंचितता-निर्देशांक काढतात. स्कॉटलंडमधला कारस्टेअर्स निर्देशांक चारच गोष्टींवर उभा आहे: घरातली गर्दी, बेकार पुरुष, घरच्या कर्त्याचा व्यवसाय खालच्या वर्गातला असणं, आणि दारात गाडी नसणं. वस्त्यांचे पाच भाग पाडतात आणि दर भागाचा दर मांडतात. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर गरीब वस्त्यांत ठळकपणे जास्त दिसतो, स्तनाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण सधन वस्त्यांत जास्त. पण स्तनाच्या कॅन्सरनंतर जगण्याची शक्यता गरीब वस्तीत कमी. एकाच आजारात दोन उलटे चढ.

आपल्या पिनकोडवर हे जमत नाही. मुंबईत एकाच पिनकोडात टॉवरही असतो आणि झोपडपट्टीही. वस्तीच्या सरासरीवरून त्या वस्तीतल्या माणसाची गरिबी ठरवणं ही चूक सगळीकडेच घातक, इथे तर फारच. त्यामुळे आपल्याकडे तीन वाटा उरतात. शिक्षण: विचारायला सोपं, बदलत नाही, आणि जनगणनेत त्याचा छेद मिळतो. दुसरी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखा संपत्ती-निर्देशांक: घर, शौचालय, गॅस, वाहन यांवरून पाच भाग. तिसरी, कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक स्तर ठरवणाऱ्या कुप्पुस्वामी किंवा बी. जी. प्रसाद यांच्या श्रेणी, ज्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रबंधांत हमखास भेटतात. या श्रेणींत उत्पन्नाचे आकडे महागाईप्रमाणे दरवर्षी अद्ययावत करावे लागतात. दहा वर्षांपूर्वीचा तक्ता लावला तर आजचा मजूरही मध्यमवर्गात जाऊन बसतो. माझं मत विचाराल तर जिल्ह्याच्या पातळीवर शिक्षणच घ्या.

गरिबी कधी कधी छेदातही शिरते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. संख्याशास्त्राच्या बाजूने त्याचा अर्थ असा की ज्या बाईचं गर्भाशय काढलेलं आहे, तिला गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकत नाही, तरी छेदात ती मोजली जाते. अशा भागातला गर्भाशयाच्या आणि त्याच्या मुखाच्या कॅन्सरचा दर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शक्य असेल तर गर्भाशय असलेल्या बायकाच छेदात घ्या. नसेल तर निदान तक्त्याखाली हे लिहा.

पायरी ६ : कमी आकड्यावर लगेच खूश होऊ नका

२०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय अहवालात २८ रजिस्ट्री होत्या. पुरुषांमध्ये सर्वात जास्त वयोप्रमाणित दर मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा, लाखामागे २६९.४. सर्वात कमी उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. बायकांत अरुणाचलच्या पापुमपारेमध्ये २१९.८, आणि पुन्हा सर्वात कमी उस्मानाबाद-बीड, ४९.४.

ऐझॉलमध्ये तंबाखूचा वापर प्रचंड आहे, तिथला दर खरोखर जास्त आहे. पण बीडच्या ३९.५ मधलं किती ‘झालाच नाही’ आणि किती ‘सापडलाच नाही’? हे तपासायला रजिस्ट्रीचे तीन आकडे बघतात. किती रुग्णांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं. किती रुग्ण फक्त मृत्यूच्या दाखल्यावरूनच कळले. आणि मृत्यू भागिले नवे रुग्ण हे गुणोत्तर किती. निदान पक्कं झालेले जवळजवळ शंभर टक्के असतील तर मला उलट शंका येते: लॅबमध्ये पोहोचले तेवढेच मोजले का? घरीच गेलेल्या म्हातारीला बायॉप्सी कुठली?

पायरी ७ : लहान आकड्याचा झोका ओळखा

आता आशाताईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर देता येतं. देशाचा ढोबळ दर लाखामागे सुमारे १००. त्या हिशोबाने तीन हजार वस्तीत वर्षाला तीन, तीन वर्षांत नऊ. म्हणजे मूळ यादी जशीच्या तशी धरली तरी ती देशाच्या सरासरीइतकीच. बीडच्या नोंदलेल्या दराने, ढोबळ ४५ धरला तर, तीन वर्षांत चार अपेक्षित. चार अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने सात किंवा जास्त निघण्याची शक्यता शंभरात अकरा. नऊ किंवा जास्तची शंभरात दोन. पण जिल्ह्यात हजारावर गावं आहेत, तर अशी वीसेक गावं कुठल्याही कारणाशिवाय निघणारच. आणि फोन त्याच गावांतून येतात. आधी दगड मारायचा आणि मग भोवती रिंगण काढायचं, असं होतं.

चार रुग्ण मोजले असतील तर खरा आकडा एक ते दहाच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शंभर मोजले तर ८१ ते १२२. म्हणून गावाचा दर काढूच नका. तालुका घ्या, पाच वर्षं एकत्र करा, मग बोला. काळजी कधी करायची? एकाच प्रकारचा कॅन्सर थोड्या काळात वारंवार दिसला, किंवा दुर्मिळ प्रकार दिसला, किंवा ज्या वयात होत नाही त्या वयात झाला. सात जागांचे सात कॅन्सर हे पाण्यातल्या एका कारणाचं लक्षण नाही. बोअरचं पाणी तपासून घ्यावं, ते तसंही दरवर्षी तपासायला हवं. पण तो वेगळा अर्ज.

पायरी ८ : वाक्य पूर्ण लिहा, माणूस झाका

अहवालातल्या किंवा बातमीतल्या वाक्यात सहा गोष्टी असू द्या: ठिकाण आणि हद्दीचं वर्ष, कालावधी, स्त्री की पुरुष, आजाराचे कोड, दराचा प्रकार, आणि छेद कुठला. ‘बीड-धाराशिव रजिस्ट्री, २०१२-१६, पुरुष, सर्व कॅन्सर, लाखामागे ३९.५, जागतिक प्रमाण लोकसंख्येवर वयोप्रमाणित, २०११ च्या जनगणनेवरून अंदाजित लोकसंख्या.’ लांबलचक वाटतं, पण पाच वर्षांनी तुलना करणाऱ्याला यातला एकही शब्द टाकता येणार नाही.

आणि गावपातळीवर वय, जात, धर्म, आजार असे चार रकाने एका ओळीत आले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही, माणूस ओळखू येतो. पाचपेक्षा कमी संख्या असेल तर तो चौकोन रिकामा ठेवा, किंवा शेजारची गावं जोडा. आशाताईंनी वहीचं पान बदललं. नव्या पानावर नावं नव्हती; सात ओळी, कोड, वयाचा गट. त्यातल्या गाल, जीभ, अन्ननलिका आणि फुप्फुस या चार ओळी तंबाखूच्या यादीतल्या, आणि गालाची, जिभेची, स्तनाची, गर्भाशयमुखाची अशा चार ओळी तीस वर्षांवरच्या तपासणी शिबिरात आधीच सापडू शकणाऱ्या. हे पान घेऊन त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि गावासाठी तपासणीची तारीख मागून आल्या. ऊसतोडीला निघायच्या आधीची, दसऱ्याच्या आतली.